समुपदेशनाची प्रतीक्षा यादी लांब असेल आणि फी परवडत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती 26 वर्षांची आहे, मूळची लातूर जिल्ह्यातील आहे आणि पुण्यात एका लहान कंपनीत हिशेबाचे काम करते. महिन्याला हातात 19,000 रुपये येतात. सात महिन्यांपूर्वी तिचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. तेव्हापासून तिला रात्री दोन-अडीचपर्यंत झोप येत नाही, कामावर असताना अचानक रडू कोसळते, छातीत धडधडते आणि सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. खासगी समुपदेशक एका सत्राचे 1,500 रुपये सांगतात. एका सेवाभावी केंद्रात तिने नाव नोंदवले, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी कळवू असे उत्तर मिळाले. तोपर्यंत काय करावे आणि परवडणारी मदत आणखी कुठे मिळू शकेल, असे तिने विचारले आहे.

तुमचे वडील गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा अवस्थेत एकटीने चार ठिकाणी फोन करणे, फी विचारणे आणि "आत्ता जागा नाही" हे ऐकून घेणे किती थकवणारे असते, हे मी बावीस वर्षे जवळून पाहते आहे. मी मानसोपचार क्षेत्रातील समाजकार्यकर्ती आहे. पहिली काही वर्षे मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात होते आणि नंतर एका सेवाभावी समुपदेशन केंद्रात आले, जिथे नऊ वर्षे प्रतीक्षा यादीची वही माझ्याकडे होती. त्यामुळे यादीच्या पलीकडच्या बाजूला काय चालते, हे मी तुम्हाला सांगू शकते आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तिच्यासाठी कोणतीही यादी लागू होत नाही. जगणे नको असे वाटू लागले, स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ लागले किंवा त्याची काही तयारी मनात घोळू लागली, तर केंद्राच्या फोनची वाट पाहू नका. जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच दिवशी जा, जाताना मैत्रिणीला बरोबर घ्या, आणि तेवढेही शक्य नसेल तर 14416 या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या किंवा 112 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. पोलीस प्रकरण होईल या भीतीने कितीतरी घरांनी मौल्यवान तास घालवलेले मी पाहिले आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेण्याची, तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. तुमच्या पत्रात असे काही लिहिलेले नाही. तरीही हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे म्हणून ते आधी लिहिले.

आता यादी कशी चालते ते सांगते. एक समुपदेशक दिवसाला नीट लक्ष देऊन पाच, फार तर सहा जणांना भेटू शकतो. प्रत्येक भेट पाऊण ते एक तासाची असते आणि त्यानंतर नोंदी लिहायच्या असतात. ज्याचे काम सुरू झाले, त्याची ती ठरावीक वेळ पुढचे दोन-तीन महिने त्याच्याच नावावर राहते. म्हणजे बँकेच्या रांगेसारखी ही रांग दर दहा मिनिटांनी एक पाऊल पुढे सरकत नाही; कोणाचे तरी काम पूर्ण झाले की मगच एक जागा मोकळी होते. "सहा ते आठ आठवडे" हा म्हणूनच अंदाज असतो. तो चुकतो आणि पुष्कळदा तुमच्या बाजूनेही चुकतो.

तो तुमच्या बाजूने चुकावा यासाठी काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. संध्याकाळी सहानंतरच्या आणि शनिवारच्या वेळा सर्वांत आधी भरतात, कारण नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला त्याच हव्या असतात. मंगळवारी सकाळी साडेअकराची किंवा गुरुवारी दुपारी तीनची वेळ मात्र माझ्या वहीत कित्येकदा रिकामी राहत असे, आणि यादीतल्या पहिल्या दहा जणांना ती चालत नसल्याने अकराव्याला मिळत असे. तुमच्या वरिष्ठांशी बोलून आठवड्यातून एक दिवस दोन तास उशिरा येण्याची परवानगी मिळाली, तर केंद्राला लगेच कळवा की दिवसाची वेळही तुम्हाला चालेल. कारण सांगणे भाग पडले, तर "वैद्यकीय उपचार सुरू आहेत" एवढे पुरेसे आहे. त्यापलीकडे खुलासा करण्याची गरज नाही. दुसरे म्हणजे, ऐनवेळी रद्द झालेली वेळ घ्यायला तुम्ही तयार आहात, हेही सांगून ठेवा. सकाळी दहाला एखाद्याचा येत नसल्याचा फोन आला की बाराच्या वेळेसाठी आम्ही अशाच माणसांना विचारत असू. तिसरी गोष्ट अगदी साधी आहे, पण तिच्यामुळे फार लोकांची संधी हुकते. केंद्राचा फोन अनोळखी क्रमांकावरून येतो, तो उचलला जात नाही आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर पुढच्या नावाकडे वळावे लागते. केंद्राचा क्रमांक नावासह मोबाईलमध्ये साठवून ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी स्वतःहून एक फोन करा. असा फोन करणारी माणसे त्रास देतात असे आम्हाला कधी वाटले नाही. उलट, ज्याचा आवाज ऐकलेला असतो, त्याचे नाव लक्षात राहते.

मात्र एकाच केंद्राच्या यादीत नाव घालून थांबू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन किंवा तीन ठिकाणी नाव नोंदवण्यात काहीही गैर नाही. एका ठिकाणी काम सुरू झाले की उरलेल्या ठिकाणी फोन करून नाव काढायला सांगा, म्हणजे तुमच्या मागच्या माणसाला ती जागा मिळेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की "समुपदेशन" या एका शब्दाखाली निरनिराळ्या प्रकारची मदत येते आणि प्रत्येक प्रकाराची रांग वेगळी असते. तुम्ही वर्णन केलेल्या त्रासाचे निदान मी पत्रावरून करणार नाही आणि कोणी केले तर त्यावर विश्वासही ठेवू नका. पण दोन शक्यता वेगवेगळ्या पाहायला हव्यात. वडील गेल्यानंतर सात महिन्यांनी रडू येणे हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे, पण तिच्यासाठी किमान सहा महिन्यांच्या मुदतीबरोबर रोजचे जगणे ठळकपणे विस्कळीत होणे ही अटही आहे, आणि त्या त्या समाजातील शोकाच्या रीती लक्षात घ्याव्यात असेही त्यात म्हटले आहे. दुसऱ्या बाजूला झोप न येणे, धडधड आणि उठण्याची इच्छा नसणे ही लक्षणे नैराश्याची, चिंतेची किंवा थायरॉइडच्या बिघाडाची आणि रक्ताच्या कमतरतेचीही असू शकतात. म्हणून या आठवड्यात पहिले काम एखाद्या साध्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांना भेटण्याचे करा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) या तपासण्यांबद्दल त्यांना विचारा. वडिलांचा मृत्यू हृदयविकाराने झालेला असताना स्वतःच्या छातीत धडधडले की मनात काय येत असेल, याची मला कल्पना आहे. तो आलेख व्यवस्थित आला, तर निम्मी भीती त्या कागदानेच कमी होईल.

याच ठिकाणी तुमच्या पगाराची चिठ्ठी काढून पाहा, असे मी आग्रहाने सांगते. हातात 19,000 येत असतील तर तुमचे एकूण वेतन 21,000 रुपयांच्या आत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा 21,000 रुपये आहे. कंपनीत दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील, तर ही योजना तिथे लागू असायला हवी. चिठ्ठीवर ईएसआय या नावाने वेतनाच्या 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर तुमचा विमा क्रमांक तयार आहे. त्यावर या योजनेच्या दवाखान्यात तपासण्या, औषधे आणि तज्ज्ञांकडे पाठवणी हे सारे विनामूल्य होते. पुण्यात बिबवेवाडीला या योजनेचे रुग्णालय आहे. दरमहा पैसे कापले जात असूनही त्या कार्डाचा एकदाही उपयोग न केलेली माणसे माझ्यासमोर इतक्यांदा बसली आहेत की आता पहिल्याच भेटीत मी हा प्रश्न विचारते.

कार्ड नसेल, तर सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग हा दुसरा मार्ग आहे आणि तिथे प्रतीक्षा यादी नसते. ज्या दिवशी जाल त्याच दिवशी तपासतात. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले आहेत. पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय या विभागाचे आहे. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, पण तिथेही केस पेपरचा खर्च नाममात्र असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे, तर गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था, ही त्याच प्रकारची ठिकाणे आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. त्या नावाची लोकांना भीती वाटते, पण बाह्यरुग्ण म्हणून तिथे जाऊन संध्याकाळी घरी परतणारी माणसे रोजच असतात.

या विभागांच्या मर्यादाही मी लपवणार नाही, कारण अपेक्षा चुकीची असली की माणूस पहिल्याच दिवशी निराश होऊन परततो. सकाळी लवकर जावे लागते आणि केस पेपर काढून दोन-तीन तास बसावे लागते. पहिली भेट बहुधा निवासी डॉक्टर घेतात. ती बऱ्यापैकी सविस्तर असते, पण पुढच्या भेटी दहा मिनिटांत संपू शकतात आणि भर औषधांवर राहतो. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, "मला बोलण्यातून मिळणारी मदतही हवी आहे, विभागातील मानसशास्त्रज्ञांकडे किंवा समाजसेवा अधीक्षकांकडे माझे नाव देता येईल का?" हे वाक्य उच्चारले नाही, तर गर्दीत तुमची ती गरज कोणाच्या लक्षात येणार नाही. विभागात मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारून त्याच वारी पुढची तारीख घ्या. डॉक्टरांनी औषध सुचवले तर घाबरून नकार देऊ नका आणि मुकाट्याने होकारही देऊ नका. ते किती दिवसांसाठी आहे, परिणाम दिसायला किती आठवडे लागतील आणि बंद करायचे झाल्यास कसे करायचे, हे तीन प्रश्न विचारून मग ठरवा. झोप थोडी सावरली, तर पुढे समुपदेशनात जे काम करायचे असते त्यासाठी अंगात बळ येते, असा माझा अनुभव आहे.

फोनवरची मदत आजपासूनच सुरू होऊ शकते. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक 14416 आहे, ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून दिले जाते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा 2012 पासून चालते आणि तिथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ फोनवर, तसेच लेखी स्वरूपातही बोलतात. खोलीत मैत्रीण असताना मोठ्याने बोलता येत नसेल, तर लिहिण्याचा मार्ग फार उपयोगी पडतो. अशा सेवांविषयी "एका फोनने काय होणार" असे मला नेहमी विचारले जाते. एका फोनने सात महिन्यांचे दुःख हलत नाही, हे खरेच आहे. पण रात्री दोन वाजता धडधड वाढलेली असताना दुसऱ्या टोकाला एक शांत आवाज असणे आणि त्याने तुमच्या श्वासाबरोबर दहा मिनिटे थांबणे, ही त्या रात्रीपुरती खरी मदत असते. शिवाय फोन ठेवण्यापूर्वी "माझ्या भागात कमी खर्चाची कोणती सेवा आहे?" असे विचारता येते.

आता फीविषयी लिहिते, कारण इथे संकोचापायी लोक सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. दर आठवड्याला 1,500 म्हणजे महिन्याला 6,000 रुपये. तुमच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. हे दोन महिने कसेबसे चालेल आणि मग अर्ध्यावर सुटेल, आणि अर्ध्यावर सुटलेल्या कामानंतर "मला समुपदेशनाचा उपयोग होत नाही" असा चुकीचा ग्रह मनात बसेल. त्यापेक्षा महिन्याला किती खर्च करू शकता तो आकडा आधी कागदावर लिहा. तो 1,000 असेल तर 1,000 लिहा. मग फोन करताना आडवळणाने न विचारता असे म्हणा: "माझे मासिक उत्पन्न इतके आहे, मी समुपदेशनावर महिन्याला हजार रुपये खर्च करू शकते, आपल्याकडे उत्पन्नानुसार फी ठरते का, किंवा सवलतीच्या काही जागा असतात का?" अनेक खासगी समुपदेशक आठवड्यातल्या एक-दोन वेळा कमी फीवर ठेवतात, पण त्याची जाहिरात करत नाहीत, विचारणाऱ्यालाच त्या मिळतात. सवलतीची जागा नसेल, तर तिथेच विचारा की कमी फीत काम करणारे कोणी सहकारी त्यांच्या माहितीत आहेत का. या क्षेत्रातील माणसे एकमेकांना ओळखतात आणि असे नाव देणे हा आमच्या कामाचाच भाग आहे.

भेटींमधले अंतर हाही फीचाच भाग आहे. पहिल्या तीन-चार भेटी दर आठवड्याला आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी एक, अशी आखणी पुष्कळ जणांच्या बाबतीत नीट चालते, मात्र मधल्या दिवसांत करायचे काम समुपदेशकाने दिले पाहिजे आणि तुम्ही ते केले पाहिजे. ही आखणी शक्य आहे का, हे पहिल्या फोनवर विचारायला हरकत नाही.

सेवाभावी संस्थांमध्ये आणखी एक दार असते, ज्याकडे लोक पाठ फिरवतात. मानसशास्त्र किंवा समाजकार्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी तिथे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करतात. त्यांच्याकडची फी फार कमी असते किंवा नसतेच, आणि त्यांची यादीही लहान असते. "शिकाऊ नको" असे म्हणून सहा आठवडे थांबणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांची समजूत काढण्याचा मी दरवेळी प्रयत्न केला आहे. गोव्यात संगत या संस्थेने केलेला एक अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या 495 प्रौढांचा समावेश होता. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींची मदत दिली. ज्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही मदत मिळाली, त्यांच्यातील नैराश्य केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय कमी झाले. देखरेख हा त्या कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. म्हणून शिकाऊ समुपदेशकाकडे जाताना एवढेच विचारा: "तुमच्या कामावर देखरेख कोण करते आणि किती दिवसांनी?" आणखी एक व्यावहारिक प्रश्न असा की त्यांचे प्रशिक्षण कधी संपते. एप्रिलमध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे मार्चमध्ये काम सुरू केले, तर लवकरच दुसऱ्याकडे जावे लागते, आणि ज्याने नुकतेच वडील गमावले आहेत त्याला हा आणखी एक निरोप जड जातो. नवी तुकडी बहुधा पावसाळ्यात कामाला लागते.

ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्य संस्था 1990 पासून "सुदृढ मन सर्वांसाठी" हे ब्रीद घेऊन काम करते. पुण्यात बापू ट्रस्टने कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम उभे केले आहे. यांपैकी कोणती संस्था तुमच्यासाठी योग्य, हे तुमचा पत्ता आणि वेळ पाहून ठरेल. फोन करून सध्याची फी आणि प्रतीक्षा स्वतः विचारून घ्या, कारण दोन्ही बदलत असतात. धर्मादाय रुग्णालयांतील गरीब रुग्णांसाठीच्या राखीव खाटांची योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आहे, तरी अशा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन बाह्यरुग्ण सवलतीविषयी विचारावे. जाताना उत्पन्नाचा दाखला किंवा पगाराची चिठ्ठी आणि शिधापत्रिका बरोबर ठेवा. आरोग्य विम्याविषयी मात्र फार आशा ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे, पण बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचा खर्च देतात आणि तुम्हाला हव्या असलेल्या तासाभराच्या भेटी त्यात बसत नाहीत.

स्वस्त म्हणून कोणाकडेही जाऊ नका, हेही तितक्याच काळजीने सांगते. आपल्याकडे "समुपदेशक" हा फलक लावणे फार सोपे आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि मानसोपचारतज्ज्ञांची वैद्यकीय परिषदेकडे. दोन्ही नोंदण्या नावावरून तपासता येतात. इतर समुपदेशकांना शिक्षण, अनुभव, गोपनीयतेचा नियम आणि देखरेख यांविषयी विचारा. नीट काम करणारी व्यक्ती या प्रश्नांनी दुखावली जात नाही. दहा सत्रांचे पैसे आगाऊ मागणे, अमुक भेटींत बरे करण्याची हमी देणे, चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करायला सांगणे, किंवा तुमचे दुःख ऐकण्याआधीच वडिलांच्या आत्म्याविषयी आणि ग्रहांविषयी बोलू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर तिथून उठा.

हे सगळे जुळून येईपर्यंतचे दिवस कसे घालवायचे? गोव्याच्या त्याच कार्यक्रमाचा गाभा एका साध्या निरीक्षणावर उभा होता: मन खचले की माणूस हालचाल कमी करतो, आणि हालचाल कमी झाली की मन आणखी खचते. म्हणून इच्छा होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी लहानसे काम करायचे. तुमच्यासाठी मी असे सुचवेन की रविवारी सकाळी साडेआठ वाजता मैत्रिणीबरोबर चहासाठी बाहेर पडायचे ठरवा. फक्त एवढेच. आठवडाभर एका वहीत काय केले आणि त्या वेळी मन कसे होते हे दोन शब्दांत लिहा. ही वही पुढे समुपदेशकाच्या पहिल्या दोन भेटींचे काम वाचवेल. झोपेसाठी झोपण्याची वेळ न ठरवता उठण्याची वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी ती पाळा. वीस-पंचवीस मिनिटे झोप आली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसा. मोबाईल हातात घेऊ नका.

आणि वडिलांविषयी बोला. पुण्यात तुमच्याभोवती असलेल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलेही नसेल, आणि मला वाटते एकटेपणाचा मोठा भाग तोच असावा. गावाकडे आईशी रोज फोन होत असेल, पण अशा घरांत दोघीही एकमेकींना त्रास नको म्हणून "जेवलीस का?" यापलीकडे जात नाहीत, असे मी वारंवार पाहिले आहे. आईलाही कदाचित मदत हवी असेल. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या जाऊ शकतात, आणि 14416 हा क्रमांक त्यांच्याही उपयोगाचा आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वडिलांची एखादी वस्तू समोर ठेवून दोघी अर्धा तास बसा. रडू आले तर येऊ द्या.

ज्यांची अडचण वेगळी आहे, त्यांच्यासाठी वेगळी दारे आहेत, ती थोडक्यात लिहिते. घरात मारहाण होत असेल तर पोलीस यंत्रणेतील महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, 181 हा महिलांचा क्रमांक आणि जिल्ह्यातील सखी केंद्र येथे समुपदेशन विनामूल्य मिळते. मुलांसाठी 1098 आहे. घरात दारूचा प्रश्न असेल तर पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या आणि कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात; त्यांना फी नसते आणि यादीही नसते. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या आधारगटात समदुःखी माणसे भेटतात.

तुमच्याकडे परत येते. अखेर केंद्राचा फोन आला आणि पहिली भेट ठरली, की वही, तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची नावे बरोबर न्या. पहिल्या भेटीत सगळे सांगून झाले पाहिजे असे दडपण घेऊ नका. नुसते रडण्यात तास गेला तरी तो वाया जात नाही. तीन-चार भेटींनंतर मात्र स्वतःला विचारा की या व्यक्तीसमोर मोकळेपणाने बोलता येते का आणि झोप, काम, जेवण यांत थोडा तरी फरक पडला आहे का. दोन्ही उत्तरे नाही अशी असतील, तर येणे बंद न करता समुपदेशकाला तसे सांगा, किंवा केंद्रात फोन करून दुसरी व्यक्ती मिळेल का ते विचारा. आमच्या केंद्रात अशा बदलासाठी नाव पुन्हा यादीच्या तळाशी जात नसे. चालू असलेले काम म्हणूनच ते पुढच्या मोकळ्या वेळेत बसवले जाई. तुमच्या केंद्रातही तसा नियम आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.